छडीनं दाखवलेली चीर

बाळांनो, आपल्या सुमनच्या घोट्याचं ऑपरेशन झालं, आणि त्याआधी तुमच्याकडच्या डॉक्टरनं तिचं पाऊल हातात घेऊन दोन बोटांनी नाडी पाहिली, असं तुम्ही कळवलंत. ते वाचल्यापासून मन ठिकाणावर नाही. म्हणून आजच लिहिते.

सोलापुरात माझ्या वडिलांच्या, आबांच्या पायाला डॉक्टरांनी छडी लावली होती. बोट नाही. छडी.

आबा गिरणीत होते. घोट्याच्या आतल्या बाजूला पू धरला होता. मी त्याच दवाखान्यात नर्सचं काम शिकत होते. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेली, म्हणून केसपेपर मीच लिहायचे. आमच्या जातीच्या रोग्याला डॉक्टर शिवत नसत. छडीच्या टोकानं जागा दाखवायचे, मलमपट्टी करणारा ड्रेसर तिथं चिरायचा. छडी मी धुवायची.

त्या दिवशी छडी घोट्याच्या आतल्या हाडामागं आडवी फिरली. मी पुस्तक वाचलेलं होतं. तिथून रक्तवाहिनी खाली उतरते, आणि तिला खेटून तळव्याचा स्पर्श कळवणारी नस. चीर उभी हवी. आधी बोटानं नाडीचा ठोका शोधायला हवा. मी तसं म्हणाले.

डॉक्टर ड्रेसरकडे वळून हसले. "ऐकलंत का? महारवाड्यातून प्रोफेसर आलेत."

मी गप्प बसले. त्याची लाज आजही वाटते.

ड्रेसरनं आडवं कापलं. रक्त उडालं. वाहिनी बांधून होईपर्यंत मी घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. पाय वाचला. नस तुटली होती.

दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "पोरी, तळवा हाय का गं तितं? मला काय कळंना."

मी टाचणी घेतली. मी टोचत होते, आणि ते विचारत होते, कवा टोचतीस?

त्याच दुपारी डॉक्टरांनी केसपेपर पुढं सरकवला. लिही म्हणाले, रोग्यानं पाय झटकला. मी लिहिलं: पायाला हात न लावता जागा ठरवली. चीर आडवी घेतली. नस तुटली. खाली सही केली.

"खोड ते."

"नाही खोडणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

पुन्हा त्या दवाखान्यात गेले नाही.

पुढं आबांच्या तळव्यात खिळा रुतला तरी त्यांना कळत नसे. रोज मी पाऊल उलटून बघायचे. डॉक्टरांना मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही. त्या दिवसानंतर कुणाच्या सांगण्यावरून खोटं लिहिलं नाही. चूक दिसली की बोलले, आणि हसणाऱ्याला हसू दिलं. डोळे अधू झालेत, गुडघे गेलेत. ही सवय शाबूत आहे.