आरशामागचा कॅमेरा

गाडीच्या पुढच्या डाव्या मडगार्डवर पहिली रेघ दिसली तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. मी रोज नेरुळहून जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात जातो. आलेल्या कंटेनरला कुठे पोचा पडलाय, कुठे गंज आहे, दार नीट बसतं का, हे बघून लिहून घेणं हे माझं काम. त्या रस्त्यावर ट्रेलर इतके अंगावर येतात की गाडीला ओरखडा न पडला तरच नवल.

पण ही रेघ बोटभर लांब, आडवी आणि सरळ होती. पुढच्या आठवड्यात तिच्याखाली दुसरी आली. तेवढीच लांब. मग तिसरी. दिवसभर पत्रे बघणारा माणूस मी. घासटलेलं कुठलं आणि मुद्दाम ओढलेलं कुठलं, हे मला लगेच कळतं. या रेघा कुणीतरी अजिबात घाई न करता, किल्लीच्या टोकाने, एकीखाली एक काढल्या होत्या.

मग मी वार बघायला लागलो. शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावताना नवी रेघ नसायची, शनिवारी दुपारी असायची. मला शनिवार-रविवार सुट्टी असते, म्हणजे मी वर घरात चहा पीत असताना खाली कुणीतरी हे करत होतं. बायको म्हणाली, सोसायटीतली पोरं असतील, सोड. पोरं अशी एकाखाली एक, अंतर राखून रेघा ओढत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. वॉचमनने काही पाहिलं नव्हतं. सोसायटीचा कॅमेरा गेटवर होता, आणि तो आणि आमची जागा यांच्यामध्ये खांब.

गाडीत डॅशकॅम होताच, ट्रेलरवाल्यांशी वाद नको म्हणून घेतलेला. पण तो गाडी बंद केली की बंद व्हायचा. मी सेक्टरमधल्या कार अ‍ॅक्सेसरीजवाल्याकडे जाऊन बॅटरीची वायर जोडून घेतली, म्हणजे गाडी उभी असतानाही समोर हालचाल झाली की तो रेकॉर्डिंग करेल. काचेच्या मधोमध तो चकचकीत चंदेरी कड्याचा डोळा, त्यात लुकलुकणारा निळा दिवा. लांबूनही दिसायचा. दोन शनिवार रेघ आली नाही. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या शनिवारी काचेवर बाहेरून वर्तमानपत्राचा ओला तुकडा चिकटवलेला होता. बरोबर कॅमेऱ्याच्या समोर, चार बोटं रुंद. खाली मडगार्डवर नवी रेघ. रेकॉर्डिंगमध्ये बाजूने आलेल्या एका हाताची कड तेवढी दिसली आणि मग राखाडी अंधार. कागदातून गाळून आलेला उजेड अर्धं मिनिट थरथरत राहिला. चिडून नासधूस करणारा माणूस आरडाओरडा करतो, टायर फोडतो. हा माणूस कागद भिजवून आणत होता.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो आणि कॅमेरा दिसणार नाही असा बसवून द्या म्हणालो. दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने विचारलं, कुणापासून लपवायचाय? मी म्हणालो, चोरांपासून. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "चोर कॅमेरा शोधतोच. ओळखीचा माणूस शोधत नाही. त्याला वाटतं, आपल्याला ठाऊकच आहे कुठे आहे तो."

त्याने चंदेरी कड्यावर बिनचमकेची काळी टेप गुंडाळली, निळा दिवा सेटिंगमधून बंद केला, आवाजही बंद केला. काचेच्या वरच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते, तिथे आरशामागे तो बसवला. वायर छताच्या कापडाखालून नेऊन दाराच्या रबरात दाबली. मी बाहेर उभा राहून बघितलं, चार पावलं मागे जाऊन बघितलं, उन्हात बघितलं. काही दिसत नव्हतं. परत आल्यावर गेटवर वॉचमनला मी मोठ्याने सांगितलं की तो कॅमेरा बिघडला, काढून टाकला. लिफ्टमध्ये समोरच्या काकू भेटल्या. त्यांनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, उगाच कटकट.

काकू आमच्या समोरच्या दारातल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, साठी ओलांडलेल्या. वर्षभरापूर्वी काका गेले, तेव्हापासून एकट्याच. शनिवारी त्यांच्याकडून डबा यायचा, काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या, कधी नुसतं सोलकढीचं पातेलं. आमच्याकडून रिकामा डबा जायचा त्यात बायको काहीतरी घालायची. दहा वर्षांचा शेजार होता.

पुढच्या शनिवारी रेघ आली. दुपारी आम्ही काकूंच्या आंबोळ्या खाल्ल्या, आणि मग मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं.

सकाळचे नऊ वाजून गेले होते. समोर काकांची रिकामी जागा. आमच्या इमारतीखाली गाड्या एकामागे एक लावाव्या लागतात. आतली जागा त्यांची, बाहेरची आमची. काका गेल्यावर काकूंनी गाडी विकली, जागा तशीच राहिली. त्या रिकाम्या जागेत काकू आल्या. हातात दुधाची पिशवी. ती त्यांनी खाली ठेवली. बोनेटवर तळहात टेकवला, ताप बघताना कपाळावर ठेवतात तसा. मग घराची किल्ली काढून त्या वाकल्या आणि एक रेघ ओढली. सावकाश. ओढून झाल्यावर ओढणीच्या टोकाने रंगाचा भुगा पुसला. उठून काचेकडे, म्हणजे सरळ माझ्याकडे बघत त्यांनी ओठ हलवले. काय म्हणाल्या ते कळलं नाही. पिशवी उचलून त्या गेल्या.

मी ते चार वेळा पाहिलं. तोंडात अजून आमटीची चव होती.

कारण मला शोधावं लागलं नाही. ते इतके दिवस कुठेही गेलेलं नव्हतं. मीच तिकडे पाठ करून बसलो होतो.

काका गेले तो शनिवार होता. बायको माहेरी साताऱ्याला गेलेली. मी सकाळी मित्राच्या गाडीने वाशीला एपीएमसी मार्केटात आंब्याची पेटी आणायला गेलो. फोन चार्जिंगला लावलेला घरातच राहिला. काकांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांची गाडी आत होती आणि माझी तिच्यामागे आडवी उभी. आधी माझी एक किल्ली त्यांच्याकडे असायची. माझी हरवली म्हणून मी ती परत मागून घेतली होती, दुसरी करून देतो म्हणालो होतो. महिने झाले, करून दिली नव्हती. चार जणांनी गाडी ढकलून बघितली. ती गिअरमध्ये होती, हँडब्रेक ओढलेला. अँब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले. शेवटी रिक्षा मिळाली. हॉस्पिटलच्या दारातच सगळं संपलं. मी पेटी घेऊन आलो तेव्हा जिन्यात चपलांची गर्दी होती.

नंतर सगळेच म्हणाले की अटॅक मोठा होता, काही उपयोग झाला नसता. हे कोणत्या डॉक्टरने सांगितलं, हे मी कधीही विचारलं नाही. मला ते वाक्य हवं होतं, ते मिळालं, मी ठेवून घेतलं.

ते रेकॉर्डिंग पाहिल्यानंतरचे तीन आठवडे मी काहीच केलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही. शनिवारी सकाळी नऊला समोरचं दार उघडल्याचा आवाज यायचा, लिफ्टचा आवाज यायचा, आणि मी कप हातात धरून बसायचो. दुपारी डबा यायचा. संध्याकाळी मी रेकॉर्डिंग बघायचो. एकदा त्या रेघ ओढून झाल्यावर बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मी त्यांचे ओठ वाचायचा प्रयत्न करायचो. एवढ्या जवळून, इतका वेळ मी त्यांच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. लपून पाहायची सवय लागत चालली होती, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली.

चौथ्या शनिवारी साडेआठलाच मी खाली गेलो आणि गाडीत बसून राहिलो. काचा वर. नऊला काकू आल्या. पिशवी खाली ठेवली, हात टेकवला आणि मग त्यांना मी दिसलो. काचेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या. मला वाटलं, त्या दचकतील, वळून जातील. त्यांनी माझ्याकडे बघत बघत किल्ली काढली, वाकल्या, आणि रेघ ओढली. पत्र्यावरचा तो आवाज आतून ऐकला तेव्हा दात शिवशिवले.

मी दार उघडून उतरलो. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं, सगळं विसरलो.

"कॅमेरा काढलास म्हणून सांगितलंस," काकू म्हणाल्या.

"हो."

"काढला नव्हतास."

मी विचारलं, दिसला का तुम्हाला. त्यांनी मान हलवली. "तो नाही दिसला. तू दिसलास. तीन आठवडे लिफ्टमध्ये भेटतोस आणि चपलांकडे बघतोस."

मी म्हणालो, काकू, त्या दिवशी फोन घरी राहिला होता. माझं मलाच ते किती बारीक वाटलं.

"माहितीये. मी तुझं दार वाजवत होते आणि तो आत वाजत होता. मीच लावत होते. मला वाटत होतं तू झोपलायस, आता उठशील." मग त्यांनी विचारलं, "गाडीची किल्ली कुठे होती?"

"फ्रिजवर."

मग मी इतके दिवस न विचारलेलं विचारलं. डॉक्टर काय म्हणाले होते?

"मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. नसते वाचले म्हणाले असते तर मला तुला सोडून द्यावं लागलं असतं."

मी गाडी दुसरीकडे लावतो म्हणालो. त्या म्हणाल्या, नको, इथेच लाव. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. पिशवी उचलून त्या वर गेल्या. त्या दिवशी डबा आला नाही.

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं आणि लॅपटॉपवरची रेकॉर्डिंग पुसून टाकली. तिने ती बघायला मागितली नाही. ती एवढंच म्हणाली की किल्ली करून द्यायला चावीवाला स्टेशनबाहेरच बसतो. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा खरोखर काढला, वायर ओढून काढली, छताचं कापड एका बाजूला लोंबायला लागलं ते तसंच ठेवलं. शनिवारी रेघ आली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. डबाही पुन्हा सुरू झाला. मडगार्ड रंगवून घ्या, असं सेक्रेटरी दोनदा म्हणाले. मी हो म्हणालो आणि रंगवलं नाही.

दीडेक महिन्याने एका मंगळवारी सकाळी काकूंनी दार वाजवलं. उरणला बहिणीकडे जायचं होतं, तू जासईला जातोसच तर पुढे सोडशील का म्हणाल्या. त्या पुढच्या सीटवर बसल्या. बसताना रेघांवरून त्यांचा हात गेला की नाही, हे मी मुद्दाम पाहिलं नाही. उलव्याचा फाटा गेला, ट्रेलर सुरू झाले. त्या समोर बघत होत्या. मी गाडी इतक्या हळू चालवत होतो की मागचे हॉर्न देत होते.

जासईच्या अलीकडे ट्रेलरांच्या रांगेत आम्ही अडकलो. दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंती, वर पट्टीएवढं आभाळ. काकू सहज सांगावं तसं बोलल्या.

"रिक्षात ते विचारत होते, गाडी का नाही काढली. एकसारखं तेच. मी म्हटलं, किल्ली सापडत नाहीये. तुझं नाव घेतलं असतं तर त्यांना त्रास झाला असता, त्यांचा जीव होता तुझ्यावर." त्यांनी मांडीवरच्या पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली. "त्यांना वाटलं, मीच कुठेतरी टाकली. मला म्हणाले, तुझं नेहमीचंच. तेवढंच. नंतर काही बोलले नाहीत."

पुढचा ट्रेलर हलला. मी गाडी पुढे घेतली. यार्डाचं वळण आलं, ते मी सोडून दिलं आणि त्यांना उरणपर्यंत नेलं. बहिणीच्या गल्लीच्या तोंडाशी त्या उतरल्या. संध्याकाळी किती वाजता घ्यायला येशील, असं त्यांनी विचारलं. मी साडेसहा म्हणालो. त्या म्हणाल्या, "फोन जवळ ठेव," आणि गल्लीत गेल्या.