जेव, मी बघतो

मिलमध्ये किस्से कोणी सांगत नसे. लूमच्या खडखडाटात ऐकू कोणाला येणार? ते नुसते साठत गेले. मिल बंद पडली, कान मोकळे झाले, तेव्हा आम्ही तोंड उघडलं. आता चार जुने मिलवाले चहाला बसले की एकच विषय निघतो: कोणी काय खाल्लं आणि कोणी कोणाला खाऊ दिलं नाही! त्यातले निम्मे किस्से माझ्या जोडीदाराचे, दत्तूचे.

*

इंदूरच्या आमच्या मिलमध्ये विणाई खात्याला जेवणाची सुट्टी होती, पण कागदावर. लूम काही थांबायचे नाहीत. म्हणून शेजारच्या दोघांची जोडी असे. एक जेवायचा, दुसरा दोघांचेही लूम सांभाळायचा. सांभाळणाऱ्याने "जेव, मी बघतो" म्हणायचं, मगच पहिल्याने डबा उघडायचा.

पहिल्या दिवशी मला हे कुठे ठाऊक! भूक लागली, बसलो. मागे धागे तुटले, कापड वाया गेलं. सुपरवायझर मिश्राजी धावत आले.

"यहाँ रोटी खाने आए हो क्या?"

शेजारच्या लूमवरून एक उंच माणूस ओरडला, "साब, सब उसी के लिए आए हैं! आप भी!"

तो दत्तू. महूच्या छावणीतला, सगळ्यांना 'भिया' म्हणजे भाऊ म्हणणारा. आजोबा फौजेत होते, त्यामुळे साहेबाला घाबरायचं त्या घरात कोणी शिकवलंच नव्हतं.

*

धागा कोरडा पडला की तुटतो. म्हणून खात्यात छताजवळून दिवसभर पाण्याचे बारीक फवारे सोडत. उन्हाळ्यात फवारे जोरात, आणि आमचा माठ मात्र दुपारच्या आधीच खडखडीत! मिश्राजींकडे तक्रार केली.

"ज्यादा पियोगे तो बार-बार बाहर जाओगे. लूम कौन देखेगा?"

दत्तू फवाऱ्याकडे बघत म्हणाला, "पुढच्या जन्मी धागा व्हायचं, भिया. प्यास लगने से पहले पानी मिळतं!"

आम्ही हसलो. हसताना घसा दुखला, तेही आठवतंय.

*

कापसाचे तंतू घशात बसतात, म्हणून मिलकडून आम्हाला गुळाचा खडा मिळत असे. मिल तोट्यात आहे अशी कुजबुज सुरू झाली आणि पहिली काटकसर झाली ती त्या गुळावर. त्याच आठवड्यात साहेबांच्या केबिनमध्ये नवाकोरा फ्रिज आला.

माझं डोकंच फिरलं. दत्तू शांतपणे म्हणाला, "अरे, आपला गूळ वितळू नये म्हणून आणला असेल!"

त्या फ्रिजचा मला अजून राग येतो.

*

मग एका सकाळी डबा घेऊन गेलो, तर गेटला कुलूप. कोणी रडलं, कोणी शिव्या घातल्या. दुपार झाली. भुकेला काय, ती आपल्या वेळेला आलीच. आम्ही फुटपाथवर बसलो. दत्तू सवयीने उभाच.

"जेव, मी बघतो."

"आता काय बघणार तू?"

"कुलूप!"

*

पुढे विजय नगरात काचेची ऑफिसं उभी राहिली. मी पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये चिकटलो, दत्तू एका ऑफिसच्या गेटवर एजन्सीचा गार्ड झाला. एकदा त्या ऑफिसात डॉक्टरांचं व्याख्यान झालं. कामाच्या गडबडीत पाणी प्यायला विसरू नका, जेवण टाळू नका, वगैरे. मोठे उपकार! त्याच दुपारी उन्हात गेट उघडून उघडून दत्तूचा घसा सुकला. तो आत पाण्याच्या कूलरपाशी गेला. मॅनेजरने अडवलं.

"ये स्टाफ के लिए है."

"और मैं?"

"आप तो एजन्सी के हो."

"तो एजन्सी को प्यास लगी है, साब!"

स्टाफ हसला. पाणी कोणी दिलं नाही.

*

तोपर्यंत दत्तूला शुगर झाली होती. वेळेवर खाल्लं नाही की चक्कर यायची. पण गेट सोडायचं नाही, असा हुकूम. डबा संध्याकाळी भरलेलाच घरी परत. एकदा तो गेटवरच कोसळला. माझं वर्कशॉप तेव्हा नुकतंच बंद पडलं होतं, मी घरीच होतो. सुमन वहिनी, म्हणजे त्याची बायको, तो भरलेला डबा घेऊन माझ्याकडे आली.

"भाऊजी, यांना तिथे जेव म्हणणारं कोणी नाही हो!"

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी सायकलने विजय नगरला जायला लागलो. गेटवर उभा राहायचो. "जेव, मी बघतो." दत्तू भिंतीच्या आडोशाला बसून जेवायचा. त्याच्या तोंडावर जरा तेज आलं.

एक दिवस मॅनेजरची गाडी अवेळी आली. मी सलाम ठोकून गेट उघडलं. त्याला आडोशाचा डबा दिसला. दत्तूला त्याने तिथल्या तिथे काढून टाकलं आणि मला म्हणाला, "तुम अलर्ट आदमी हो. कल से तुम आ जाओ."

मी नाही म्हणालो. आणखीही बरंच बोललो असतो, दत्तूने हात दाबला.

संध्याकाळी तो वर्दी घडी करून माझ्या घरी घेऊन आला.

"घाल."

"पागल झालास काय?"

"तू नाही गेलास तर तिसरा कोणी उभा राहील. दोघांनी घरी बसून काय करायचं, भिया?"

दुसऱ्या दिवशी मी गेटवर. वर्दीच्या बाह्या लांब. रागाने आणि शरमेने डबा उघडलाच नव्हता.

दुपारी सायकलची घंटी वाजली. दत्तू उतरला, सायकल भिंतीला टेकवली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि गेटपाशी ताठ उभा राहिला.

"जेव," म्हणाला, "मी बघतो."