आर्विद ट्वेटच्या दगडावर कोणता हुद्दा?

व्हर्नाचं डोकं चार दिवस नुसतं भणभणत होतं. वडिलांना, आर्विद ट्वेटना, पुरून आठवडा झालेला. थडग्यावर माजी सैनिकांना मिळतो तो सरकारी दगड हवा तर अर्जात हुद्दा लिहायचा. ओळ एकच! आणि बाबांच्या मासे धरायच्या गळांच्या डब्यात निघाले महायुद्धातले दोन कागद. मार्च पंचेचाळीसमध्ये राखीव नौदलात लेफ्टनंट, वैमानिक. मे महिन्यात वैमानिकच, पण अधिकारी नाही, साधा फर्स्ट क्लास खलाशी. आता काय म्हणावं याला?

"लेफ्टनंट लिही नि मोकळी हो," भाऊ रोअल्ड फार्गोहून फोनवर खेकसला. "बाबांनी खाल्ली असेल काहीतरी माती. गावाला कशाला दाखवतेस?"

माती? दारूला न शिवलेला, जन्मभर धान्याच्या कोठारात वजनकाटा सांभाळलेला माणूस? तिला राग आला, आणि खोटं कशाला सांगा, धास्तीही वाटली.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी तिनं एल्मरकाकांना गाठलं. बाबांच्याच विमानात मागे बसून ते मशीनगन चालवायचे.

"अगं वेडाबाई, त्या बढत्या लढाईपुरत्या! लढाई संपली की सगळे मूळ पदावर. उगाच जीव जाळतेस."

तिला हायसं वाटलं. मग पुन्हा घोळ. "पण काका, मे महिन्यात जपानशी लढाई चालूच होती की!"

काकांनी कप खाली ठेवला. "बोलला नाही होय तो तुम्हाला? वरचे अधिकारी लढाईत पडले, तेव्हा मेलेल्या पोरांच्या घरी पत्रं लिहायचं काम त्याच्यावर आलं. अकरा लिहिली. बारावा आपला कर्मिट लुंड."

"समोरच्या लुंडआजींचा मुलगा?"

"तोच. पत्र लिहून झालं, नि यानं हुद्दाच परत केला. म्हणाला, विमान कुठंही नेतो, पण यापुढे कुणाच्या आईला लिहायला सांगू नका."

ते पत्र व्हर्नाला तोंडपाठ होतं. दरवर्षी सैनिकांच्या स्मृतिदिनी लुंडआजी ते चर्चमध्ये वाचायच्या, 'लेफ्टनंट ट्वेट' या सहीपर्यंत, आणि ती अभिमानानं मान वर करून ऐकायची. बाबा तेवढ्यात गाडी सावलीत लावायला म्हणून बाहेर जायचे.

घरी येऊन ती अर्जापुढे बसली. खालचा हुद्दा लिहिला तर गाव नको ते बोलणार, रोअल्ड तर घर डोक्यावर घेणार. तिनं मे महिन्याचा कागद अर्जाशेजारी ठेवला. मग तिनं लिहिलं: फर्स्ट क्लास.