पाणी उपसल्यावर

वर्षाराणीची उमेदीची वर्षं एकाच कामात गेली होती. पाण्याखाली स्फोट झाला तर शेजारच्या भिंतीचं काय होतं, ते ती संगणकावर मांडून पाही. पाण्याचे आणि भिंतीचे बारीक तुकडे कल्पायचे, प्रत्येकावर येणारा दाब काढायचा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पुण्याच्या कॉलेजात डोळ्यांची पार वाट लागली. गावात मात्र ‘उकंडरावची पोरगी काम्पुटरवर बॉम्ब फोडते’ एवढंच नाव झालं.

उन्हाळ्यात ती अनसिंगजवळच्या घरी आली, तेव्हा विहीर खोल करायला सुरुंगवाला ठरला होता. विहिरीत कमरेएवढं पाणी मुद्दाम राखलेलं.

“पानी असलं की गोटे उडत नाहीत, बाई,” उकंडराव म्हणाले. “शेजारच्या बबनरावच्या टिनावर एक पडला तर वर्षभर बोलन तो.”

तिने विहिरीची मापं लॅपटॉपवर घातली. विहिरीच्या दगडी बांधकामाचा खालचा पट्टा पडद्यावर दाबाने लाल झाला. जरा निवळला, पुन्हा लाल झाला.

“पानी दबत नाही, बाबा. सारा धक्का बांधकामाले देते. मंग स्फोटाच्या वायूचा फुगा फुगून खाली बसते अन् दुसरा धक्का देते. पानी उपसा.”

“सारे लोक पान्यातच सुरुंग लावून राह्यले, ते काय येडे हायेत?”

“बांधकाम ढासळलं तर? आता दगड वाह्याले आई नाही.”

उकंडराव उठून विहिरीकडे गेले. बांधकामाचा एकेक दगड त्यांच्या बायकोने, रंगूबाईने, डोक्यावर आणला होता. थोड्या वेळाने मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.

दुपारी आसपासची माणसं दूर नेऊन बार उडवला. गोटे उडाले. बबनरावच्या टिनाला दोन भोकं पडली.

“उकंड्या, पानी कायले उपसलं बे? पोरीच्या नादी लागून?” बबनरावने ओरडून विचारलं.

उकंडराव विहिरीत वाकून पाहत होते. कुठे चीर नव्हती. “बांधकाम तर जसंच्या तसं हाय.”

“ते पान्यातबी तसंच राह्यलं असतं!”

जे झालंच नाही, ते वर्षाराणी दाखवणार कसं? ती नवे पत्रे घेऊन बबनरावच्या छपरावर चढली. उकंडराव शिडी धरून उभे राहिले.

“पुढच्या बारीले,” ते खालून म्हणाले, “उडनारे गोटेबी टाकजो त्या मशिनीत.”