कामठीच्या डॉक्टरची गवतं

रविवार, ३ डिसेंबर १९९५. मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरातलं स्वयंपाकघर मी खोक्यांत भरत होते. अशोकची बदली ओहायोतल्या डब्लिनला झाली होती. ऑक्टोबरपासून तो तिकडे अपार्टमेंटमध्ये राहायचा आणि वीकेंडला यायचा. घर विकायला काढलं होतं, मुलगी मेधा कॉलेजला गेली होती. मीही जाणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. मला मात्र सोमवारी सकाळपर्यंत एका बाईला हो किंवा नाही सांगायचं होतं, आणि अशोकला त्यातलं काही माहीत नव्हतं.

पहिल्यांदा घर सोडलं ते नागपूर स्टेशनवरून. माझं बॉटनीचं एम.एस्सी. झालं होतं, पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन लग्नासाठी रद्द केलं होतं. आमचे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, शाळेत मास्तर. ते हातात दोन लाकडी फळ्या आणि पट्टे घेऊन आले. झाडं दाबून वाळवायचा माझा प्रेस. सासरच्या कोणीतरी विचारलं, "अमेरिकेत लाकूड मिळत नाही काय मास्तर?" सगळे हसले, भाऊही हसले. गाडी हलताना मला एवढंच म्हणाले, "हात चालू ठेव." आई रडत होती. मी रडले नाही, सीटखाली फळ्या नीट बसत नव्हत्या म्हणून खटपट करत होते.

मिशिगनमधली पहिली दोन-तीन वर्षं मला सलग आठवत नाहीत. अशोक कामावर, गाडी एकच, मला ड्राइव्ह करता येत नव्हतं. पार्किंग लॉटच्या कडेला उगवलेलं तण उपटून आणायचे आणि प्रेसमध्ये घालायचे. नागपूरला पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी येते. हाताला तीच सवय. इथेही रोज बदलले, शिवाय प्रेस हीटरच्या जाळीपाशी ठेवला. आठवड्याने उघडला तर पानं पापडासारखी मोडली. इथे हीटर सुरू झाला की घरातली हवाच कोरडीठाक असते, तिला मदत लागत नाही. ते मला सांगणारं कोणी नव्हतं. फळ्या क्लोझेटमध्ये गेल्या. मी ड्रायव्हिंग शिकले आणि एका डेंटिस्टकडे फ्रंट डेस्कला लागले.

मेधा हायस्कूलमध्ये गेल्यावर गुरुवारची सुट्टी मागून घेतली आणि तासाभरावरच्या युनिव्हर्सिटीच्या हर्बेरियममध्ये व्हॉलंटिअर म्हणून जायला लागले. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांची कपाटं. तिथली प्रमुख हेलन, साठीची, कमी बोलणारी बाई. तिने माझ्यापुढे जुन्या शीट्सचा गठ्ठा ठेवला. निखळलेल्या काड्या कापडाच्या बारीक पट्ट्यांनी परत बसवायच्या होत्या. पहिल्याच शीटवर शाईने लिहिलं होतं, कामठी, कन्हान नदीचा काठ. आमच्या घरापासून सायकलने जाण्यासारखी जागा. गवत कुंदा होतं, तिथल्या कुठल्याही बैलाला माहीत असलेलं.

ती शीट व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका स्कॉटिश डॉक्टरची होती. लायब्ररीत त्याचं छोटं चरित्र होतं, ते मी डबा खाताना वाचून काढलं. बाप हातमागावर काम करणारा. चौदाव्या वर्षी पोराला औषधवाल्याकडे उमेदवारीला ठेवलं. तिथे मुळ्या कुटता कुटता त्याला झाडांची ओढ लागली. पुढे एडिंबराला मेडिकलला गेला. तेव्हा डॉक्टरांना बॉटनी शिकावीच लागे, आणि प्रोफेसर शनिवारी पोरांना डोंगरात पायी नेत. बाकीचे दमून परतायचे, हा अंधार पडेपर्यंत शेवाळ खरवडत बसायचा. सरकारी बागेत नोकरी मागितली, ती ओळखीच्या माणसाला मिळाली. मग पलटणीचा डॉक्टर म्हणून कामठीच्या छावणीत आला. सकाळी कॉलऱ्याचे पेशंट, दुपारी गवतं.

पहिल्या पावसाळ्यातलं त्याचं सगळं काम काळं पडलं. त्याने स्कॉटलंडच्या रीतीने दोन-दोन दिवस कागद बदललेच नव्हते. हे वाचताना मी कॅफेटेरियात एकटीच हसले. माझी चूक बरोबर त्याच्या उलटी होती. प्रोफेसरांनी कळवलं, पुन्हा पाठव. त्याने शेगड्या पेटवल्या आणि पुढच्या पावसात पहिल्यापासून सुरुवात केली. तो एकटा होता असं चरित्रात कुठे म्हटलेलं नाही. नाताळच्या मेजवानीला न जाता त्या दिवशी त्याने गवतं कागदांवर लावली, एवढीच नोंद आहे. मला ते पुरलं.

नोव्हेंबरात हेलन म्हणाली, या गवतांवर कोणी काम केलेलं नाही, तू डिग्रीसाठी का करत नाहीस? जानेवारीपासून जागा आहे, चार डिसेंबरला, सोमवारी सकाळपर्यंत सांग. मी वय सांगितलं, बेचाळीस. ती म्हणाली, "या कपाटांत दीडशे वर्षांपासून वाट बघणारे आहेत. तू तर लवकर आलीस."

मेधाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, जस्ट टेल बाबा. ही'ज नॉट गोइंग टू स्टार्व्ह." जस्ट म्हणे.

तर त्या रविवारी दुपारी अशोक खोक्यांना टेप लावत होता. प्रत्येकावर डब्लिन लिहायचा. एका खोक्यापाशी थांबला.

"यात लहान कुकर, एक ताट, एक वाटी. हे काय?"

"ते डब्लिनला नाही जात."

"मग?"

मी सगळं सांगितलं. तो टेपचं टोक नखाने शोधत राहिला.

"अगं, डब्लिनच्या शेजारीही युनिव्हर्सिटी आहे की."

"तिथे मला कोणी बोलावलेलं नाही."

"लोक विचारतील."

"सांग, शिकायला गेली."

"या वयात एकटी राहशील?"

"ऑक्टोबरपासून राहतेच आहे. त्याआधीही तू सातला घरी यायचास."

हे मी भांडण म्हणून म्हटलं नाही, त्यानेही तसं घेतलं नाही. टेपचं टोक सापडल्यावर म्हणाला, "वरणाला फोडणी आधी की नंतर, तेवढं लिहून दे." मी म्हटलं, "फोन कर, सांगीन." मग त्याने त्या खोक्यालाही टेप लावली. वर काही लिहिलं नाही.

भारतात राहिलेल्यांना वाटतं आमचं घर इथे आहे. इथल्यांना वाटतं तिकडे आहे. मी नागपूरला जाते तेव्हा आई पाहुण्यांचा कप काढते, आणि नोव्हायच्या घरात आता दलाल अनोळखी लोकांना माझं क्लोझेट उघडून दाखवतो. वाईट वाटायचं, आता फारसं वाटत नाही. मला आता घर म्हणजे एक टेबल हवं, ज्यावरचं काम सकाळी जसं सोडलं तसं संध्याकाळी सापडेल. ते दोन्हीकडे नव्हतं. माझी माणसं दोन्हीकडे होती, आणि ती नसल्याची पोकळी मी कुठेही गेले तरी बरोबर येणार, हेही मला कळत होतं.

सोमवारी सकाळी अशोक उजाडायच्या आत डब्लिनला निघाला. मी डेंटिस्टकडे फोन करून सुट्टी घेतली, हेलनला जाऊन हो म्हटलं आणि तिने सांगितलेल्या पत्त्यावर खोली बघायला गेले. वरच्या मजल्यावरची खोली, उत्तरेची खिडकी, हीटर खडखडणारा. मी ती घेते म्हटलं. घरमालकीणबाईंनी मेलबॉक्सवर लावायला चिठ्ठी काढली आणि विचारलं, कोणाकोणाची नावं लिहू?

"माझं एकटीचंच," मी म्हटलं, आणि सिंगल गादी जवळपास कुठे मिळते ते विचारून घेतलं.