दारी आलेलं सरकार

२०२३ साल होतं, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात सरकारला जीव लावणारा माणूस एकच उरला होता. तो नेमका माझा इवाई निघाला. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. लोक देवाची वाट पाहतात, पावसाची पाहतात. आमचे इवाई सरकारची पाहायचे, आणि तीही लेक माहेरी येणार असल्यासारखी. मला म्हणायचे, "सरकार येते, इवाई. उशीर होते, पण येते. मोठा पाव्हणा कधी टायमावर आला हाये काय?" मी तिसरी शिकलेला माणूस. सरकारचा आणि माझा संबंध बोटाच्या शाईपुरता, शाई उडाली की तोही उडाला. कचेरीची पायरी चढायची नाही हा माझा नेम होता, आणि तो मी जन्मभर पाळला होता.

हे ध्यान काय आहे ते मला लेकीच्या लग्नातच कळलं. दुपारच्या उन्हात फिरू नका, असं सरकारनं रेडिओवर सांगितलेलं. इवायांनी वरात वेशीबाहेरच्या लिंबाखाली बसवली ती ऊन उतरेपर्यंत उठवलीच नाही. मुहूर्त टळला, भात गार झाला, भटजी तणतणत दुसऱ्या लग्नाला निघून गेला. मी पळत गेलो, तर हे कांदा हुंगत निवांत बसलेले. "भटजीले उन्हातलं काय समजते?" म्हणाले. "सरकारनं मोजलं हाये ऊन." पुढं एका फाल्गुनात गारपीट झाली. गहू झोपला. बाकीचे लोक कपाळाला हात लावून बसले, तेव्हा इवाई शेतात गारा वेचत होते. पुरावा म्हणून चहाच्या थर्मासात भरून ठेवल्या. तलाठी आला तेव्हा गव्हालाही कोंब फुटले होते. इवायांनी थर्मासाचं झाकण काढून पाणी दाखवलं. "ह्या त्याच गारा हायेत, साहेब. तुमची वाट पाहून पाहून अशा झाल्या."

तर त्या २०२३ च्या पावसाळ्यात पुराचं पाणी त्यांच्या गावात शिरलं. नांदुऱ्याच्या पलीकडे, नदीला अगदी खेटून त्यांचं गाव. पाणी आलं तसं गेलं, पण घरात गुडघाभर गाळ टाकून गेलं आणि मागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरून गेलं. मी पोहोचलो तेव्हा लेक शाळेच्या वऱ्हांड्यात तीन दगडांवर भाकरी भाजत होती, आणि इवाई घराच्या उंबऱ्यावर काठी घेऊन बसले होते. गाळावर कोंबडी चढली की हाकलायचे. पंचनामा होईपर्यंत काडी हलवायची नाही, असा त्यांचा हुकूम.

"बाबा, माही चूल गाळाखाली हाये," लेक म्हणाली. "मामंजी हात लावू देत नाईत. म्हन्तात, गाळ दिसला त भिंतीची मदत भेटीन."

"अन् नाई भेटली त?" मी इवायांना विचारलं.

"काऊन नाई भेटीन? पाह्यल्यावर सरकार नाई म्हन्ते काय?"

मधल्या काळात एक पुढारी आला. पुलावर उभं राहून त्यानं नदीकडं पाहिलं, नदीनं त्याच्याकडं पाहिलं, फोटो निघाला आणि दोघंही आपापल्या वाटेनं गेले. इवायांनी त्याच्या गाडीलाही हात जोडले. गाळाला वास सुटला. आमचा रोज वाद व्हायचा आणि रोज दोघंही जिंकायचो.

अखेर एका संध्याकाळी कोतवाल सांगून गेला, उद्या पंचनाम्याला येत आहेत, प्रत्येक घरात येणार. इवायांनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. जेवलेही नाहीत. मला वाटलं, आनंद झाला असेल.

सकाळी मी आणि लेक शाळेतून घराकडं गेलो, तर दारात रांगोळी. कोंबडीच्या पायांसारखी, पण रांगोळी. घरात गाळाचा ठिपका नाही. भुई शेणानं सारवलेली, सतरंजी अंथरलेली, भिंतीच्या चिरीवर लग्नातली नवी चादर टांगलेली. इवाई कोपरापर्यंत शेणानं भरलेले, बाजूला उभे.

"इवाई, गाळ कुठी हाये?"

"नदीत. तिचा होता, तिले देल्ला."

"अन् पंचनामा?"

"सरकार पहिल्यांदा आपल्या घरी येऊन राह्यलं," ते म्हणाले. "त्याले चिखलात बसवू काय?"

आली ती तलाठी बाई, माझ्या नातीएवढी, मांडीपर्यंत चिखलानं माखलेली. सतरंजीवर बसली, चहा पिऊन डोळे मिटले. "काका, सकाळपासून पहिल्यांदा बसले मी," म्हणाली. मग विचारलं, "नुकसान काय काय?" मी तोंड उघडलं, तर इवायांनी माझ्या पायावर पाय दिला. "काई नाई, मॅडम. तुमी आल्या, सारं आलं. आनखी चहा घ्या." तिनं घरभर पाहिलं. नुकसान म्हणून दाखवायला कोणी काही ठेवलंच नव्हतं. ती उठली, पुढच्या घरी गेली.

लेकीनं लगेच चूल पेटवली. संध्याकाळी वारा सुटला. चादर पोटासारखी फुगायची, मागून भिंतीची माती झरझर पडायची. लेक दोघांकडं आळीपाळीनं पाहत होती.

"सरकार येईन," इवाई म्हणाले.

"येऊन गेलं ना," मी म्हणालो.

ते उठले आणि चादरीचं सुटलेलं टोक खिळ्याला बांधत बसले. इतक्या वर्षांत मी वाद एकटा जिंकलो तो हा पहिलाच, आणि तो मला गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो. इवाई दारात राखुंडीनं दात घासत होते. "कुठी चालले?"

"शेगावले. दर्शन घेऊन येतो."

शेगावची गाडी कोणत्या बाजूनं जाते हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि मी निघालो होतो उलट्या बाजूला. ते आत गेले, आपली छत्री आणून माझ्या हातात दिली. "दर्शनाले गेले त अहो-जाहो करा," म्हणाले. "अन् थ्या मॅडमची तक्रार नका करू. भल्ली थकली होती बिचारी."

एस्टीतून तहसील कचेरीपाशी उतरलो. वहाणा बाहेर काढायच्या असतात की नाही ते कळेना. मग त्या हातात धरल्या आणि पायरी चढलो.