पक्कं तेल

लाकडाची कोणतीही वस्तू हातात आली की ती आधी तिला जिभेचं टोक लावायची. मग ते पोळपाट असो, डाव असो, नाही तर दिराच्या कारखान्यातल्या सोफ्याचा हात. क्षणभर डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची, "हे खायचं हाय," किंवा "हे पाह्यचं हाय." तिसरा प्रकार तिच्याकडे नव्हता.

काही माणसांचं सगळं शिक्षण एकाच अवयवात साठलेलं असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. कोणाचं बोटांत, कोणाचं नाकात. तिचं जिभेत होतं.

मी तेव्हा बचत गटांची सहयोगिनी होते. गोंदियाच्या आसपासचे गट, स्कूटी, पिशवी आणि पिशवीत वही. वहीत रोजच्या कामांची यादी, झालेल्या कामावर पट्टीने रेघ. कुडव्याच्या गटाची अध्यक्ष ती. मी तिला काकू म्हणायचे, ती मला ताई.

नवरा सुतार होता. तो गेल्यावर कारखाना धाकट्या दिराकडे आला आणि कारखान्यासोबत तीही. कारखान्याच्या मागे तिची खोली. खोलीचं दार कारखान्यात उघडायचं आणि कारखान्याचं शटर रस्त्यावर. दीर फुलचूरला नव्या घरात राहायचा. संध्याकाळी सातला तो शटर पाडून बाहेरून कुलूप लावायचा, सकाळी नऊला उघडायचा. रविवारी उघडायचाच नाही. दारं-खिडक्या बनवणाऱ्या त्या घरात तिच्या खोलीला बाहेरचं दार नव्हतं.

मी एकदा दिराला विचारलं, तर तो खरोखरच चकित झाला. "तिले तरास काय हाय मॅडम? आत संडास हाय, पंखा हाय, टीव्ही हाय. मालाची राखण होते आन वहिनीचीबी."

"हो जी," ती आतून म्हणाली. "दोघाईची राखण एकाच कुलपात."

दिराच्या टाकाऊ तुकड्यांतून ती सराटे करायची, म्हणजे लाकडी उलथणी. साग बाजूला ठेवून हळदूचे आणि शिवणीचे तुकडे तेवढे वेचायची. नागपूरच्या एका दुकानाने ते पाहिले आणि दोनशे सराट्यांची मागणी दिली. अट एकच, पॉलिश नको, रंग नको, खाण्याला चालेल असं तेलच हवं. आणि तारीख पाळायची.

ग्रामपंचायतीची एक जुनी खोली तेव्हा रिकामी होती. जो गट मोठी मागणी वेळेत पुरी करेल त्याला ती मिळायची होती. हे मी सांगितलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "किल्ली कोनापाशी राहीन?"

"अध्यक्षांपाशी. म्हणजे तुमच्यापाशीच."

पुढच्या भेटीत तिने विचारलं, "किल्ली एकच असते का दोन?" त्याच्या पुढच्या भेटीत, "काम करता करता उशीर झाला, आन एखादी बाई तितंच झोपली, त चालते का?"

मी वहीत लिहिलं, 'खोली : मुक्कामाबद्दल सरपंचांना विचारणे.'

मग तेल निवडायचं काम निघालं. मी तक्ता आखला. रकाने चार : तेल, वास, चिकटपणा, वाळायचे दिवस. तिने हळदूच्या पट्ट्यांना वेगवेगळी तेलं लावली, धुतली, उन्हात ठेवली, पुन्हा धुतली आणि चाटली. शेंगदाण्याचं तेल महिन्यात खवट झालं. खोबरेल दिसायला छान, पण वाळेचना. दोन धुण्यांत उतरलं. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल थंडीत गोठलं. करंजाच्या तेलाला तर तिने जीभ लावली आणि शटरबाहेर जाऊन थुंकली. "याले किडा नाई लागणार. मानूसबी नाई लागणार." शेवटी राहिलं जवस. धानाच्या बांधीत पेरतात ते आपलं साधं जवस, घाण्यावरचं कच्चं तेल. पातळ हात द्यायचा, पुसून घ्यायचा, उन्हात ठेवायचा. लाकूड ते पिऊन टाकतं आणि मग सोडत नाही.

"एक खाना राह्यला ताई," तक्ता पाहून ती म्हणाली. "त्यात लिवा, कोन खाणार."

मी हसले आणि लिहिला नाही.

जवसाची अडचण एकच, वाळायला तीन आठवडे. सराटे घासून तयार झाले तेव्हा तारखेला पंधरा दिवस उरले होते. माझ्या यादीत एकाच कामावर रेघ नव्हती, आणि रेघ नसलेलं काम मला झोपू देत नाही. मी गोंदियाच्या बाजारात रंगाच्या दुकानात गेले. तिथे लवकर वाळणारं जवसाचं तेल मिळतं हे ऐकून होते.

"अलसी तेल? कच्चा दूँ कि पक्का? पक्का एक दिन में सूखता है।"

आपल्या स्वयंपाकघरात कच्चं तेल म्हणजे उग्र वासाचं, आणि पक्कं म्हणजे कढवून खाण्याजोगं केलेलं. जवसाचं तेल पक्कं केल्याशिवाय माझी आई भाजीला घालायची नाही. मी पक्कं घेतलं. डब्याला गंज होता, म्हणून दुकानदाराकडून ते स्वच्छ बाटल्यांत ओतून घेतलं आणि माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या : 'जवस तेल, पक्कं.'

तिने बोटावर थेंब घेऊन चाखला. "झोंबून राहिलं जी."

"कढवलेलं आहे ना, म्हणून."

"तुमी लिवलं हाय त पक्कंच असन." तिने फडकं उचललं.

दुसऱ्या दिवशी दोनशे सराटे खडखडीत वाळले. असे चमकले की दीरही बघायला आला. मध्ये रविवार गेला. सोमवारी मी खोकी घेऊन पोचले, तेव्हा ती सराट्यांच्या ढिगासमोर बसली होती.

"ताई, हे तेल किराण्याच्या दुकानातलं हाय का रंगाच्या?"

"रंगाच्या."

"तरीच. काल दिवसभर शटर बंद. मले वाटलं, थिनरचा वास हाय कारखान्याचा. आज बाहेर नेऊन चाटलं, त वास याचाच." तिने हातातला सराटा ढिगावर ठेवला. "आत राहून राहून माही जीभबी मेली वाटते."

मी उलटपावली बाजारात गेले. दुकानदार हसला. "खाने के बर्तन में? मैडम, ये तो दरवाजे-खिड़की का तेल है। लवकर सुकावं म्हणून औषध टाकते यात."

परत येऊन मी तिला ते सांगितलं. ती खुदकन हसली. "दाराचं तेल! दार नाई भेटलं, तेल भेटलं."

तिचं ते हसणं मला आजही ऐकवत नाही.

मी म्हणाले, आणि हे लिहायला लाज वाटते, "काकू, आता वाळलंय. गरम पाण्यातून काढू आणि पाठवून देऊ. काही होत नसेल."

"नसन होत. तुमाले पक्कं माईत हाय?"

पक्कं मला माहीत नव्हतं.

दीर म्हणाला, "वहिनी, टाइम कायले खराब करतं? नागपूरवाल्याले का समजते?"

"खाणाऱ्याच्या तोंडात जाते ना भाऊ," ती म्हणाली आणि फुटक्या काचेचा तुकडा घेऊन पहिला सराटा खरवडायला बसली. मीही बसले. माझी बोटं दुसऱ्याच दिवशी चिरली. ती रोज शटरच्या आत, ट्यूबलाइटखाली, खरवडत राहिली. तेल लाकडात खोल उतरलं होतं. शंभरावर सराटे तिने सरळ चुलीच्या सरपणात टाकले आणि त्या चुलीवर भाकरी केली नाही. नुसतं अंघोळीचं पाणी तापवलं.

तारीख गेली. मी नागपूरला फोन करून मुदत मागितली. त्यांनी दुसरीकडून माल घेतला होता. खोली पापडाच्या गटाला मिळाली. मी ते तिला सांगायला गेले. ती कच्च्या जवसाचा हात देत होती, उरलेल्या सराट्यांना. "भेटली का त्याइले? चांगलं झालं. त्याइच्या अध्यक्षाले सांगजा, किल्ली दोन करून घे म्हनाव."

माझ्यावर ती एकदाही रागावली नाही. रागावली असती तर ते काम तरी संपलं असतं.

दोनेक वर्षांनी दिराने कारखाना सडक अर्जुनीला हलवला. हायवेवर धंदा जास्त, म्हणाला. मी कळताच गेले. टेम्पोत कपाटं, पलंग, रंधा मशीन चढलं होतं, आणि दोन पलंगांच्या मधल्या फटीत ती बसली होती, मांडीवर जवसाच्या तेलाची बाटली घेऊन.

मला बघून तिने पिशवीतून एक सराटा काढून दिला. हळदूचा, बिनचमकीचा. "चाटून पाहा."

भर रस्त्यात मी चाटला. कशाचीच चव नव्हती.

"खायचं हाय," ती म्हणाली.

टेम्पोवाल्याने सामानावरून दोर टाकला. तो तिच्या छातीवरून गेला. "दोर ढिला कर रे बाबू, मी का कपाट हावो?" ती ओरडली. त्याने जरा ढिला केला आणि मागे गाठ मारली.

मी जवळ जाऊन विचारलं, "काकू, तिकडच्या खोलीला बाहेरचं दार आहे ना?"

टेम्पो सुरू झाला होता, म्हणून तिला मोठ्याने सांगावं लागलं.

"शटर हाय म्हने! याच्याहून मोठं!"